कोल्हापुरात त्सुनामी कशाला?

पूरपट्ट्यातल्या गावांत आपत्तीच्या तयारीवर बोलायला गेलो की कुणीतरी हमखास विचारतं, "सर, समुद्र राहिला घाटाखाली. आम्हाला त्सुनामीचं काय सांगताय?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो.

26 डिसेंबर 2004 ला सुमात्राजवळ 9.1 तीव्रतेचा भूकंप झाला. चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. भारतात सगळ्यात मोठा तडाखा नागपट्टिनमला. मला डाचतं ते वेगळंच. तमिळनाडूपर्यंत यायला त्या लाटेला दोन तासांहून जास्त वेळ लागला. तेवढ्या वेळात म्हातारं माणूससुद्धा चालत आत गेलं असतं. पण सांगणार कोण? हिंदी महासागरासाठी इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. हैदराबादचं केंद्र सुरू झालं 2007 मध्ये.

याच्या उलट सुमात्राशेजारचं सिमेउलुए बेट. तिथं लाट दहा-एक मिनिटांत पोचली, तरी 70 हजारांवर वस्तीत मेली सात माणसं. 1907 मध्ये तिथं अशीच लाट आली होती. ती गोष्ट म्हाताऱ्यांनी नातवंडांना सांगत ठेवली होती: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागं सरला की डोंगर गाठायचा, कुणाची वाट बघायची नाही.

आठवण आपल्याकडंही आहे की! 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीकडं घरोघरी 2005 च्या पुराचं एकच ऐकू यायचं, "पाच सालाला पाणी ह्या पायरीपर्यंत आलेलं. त्याच्या वर काय येत नाही." धोका पातळी 43 फूट, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 च्या वर गेली. मग माळ्यावर बसून बोटीची वाट बघणं आलं. सिमेउलुएच्या आठवणीत काय करायचं ते होतं. आमच्या आठवणीत पाणी कुठं थांबलं तेवढंच.

म्हणून शाळेत गेलो की पोरांना सांगतो, आजीला पुराची खूण विचारा, आणि पाणी त्या खुणेच्या खाली असतानाच कुठल्या वाटेनं, कुणाकडं जायचं तेही तिच्याकडूनच ठरवून घ्या.

जनावरांचं मात्र अवघड आहे. दावणीला चार म्हशी असलेला माणूस 39 फुटांच्या इशाऱ्याला हलत नाही आणि त्याला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्याचं दूध, त्याचं कर्ज सगळं त्या गोठ्यात असतं. आधी म्हशींची छावणी कुठं ते सांगा, मग तो उठेल.