तुम्ही विचारलंत म्हणून: मत्तयाचं शुभवर्तमान आधी हिब्रूत होतं का?

‘नवा करार मुळात हिब्रूत होता आणि आपल्या हाती आहे तो ग्रीक अनुवाद, हे खरं का?’ हा प्रश्न नेहमी येतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा बायबलच्या नव्या करारातलं येशूचं चरित्र सांगणारं एक पुस्तक, मत्तयाचं शुभवर्तमान, असतं. माझं उत्तर असं: येशूच्या बोलण्याखाली हिब्रू आणि अरामी (हिब्रूच्या जवळची, तेव्हाच्या यहूदींची बोलभाषा) आहे, मत्तयाचं आज आहे ते पुस्तक मात्र ग्रीकमध्येच रचलेलं आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की निम्मा गोंधळ मिटतो.

आधी बोलण्याकडे पाहू. मत्तय ६:२२-२३ म्हणतं, डोळा चांगला असेल तर सगळं शरीर प्रकाशमय, वाईट असेल तर अंधारमय. नुसतं एवढंच वाचलं तर हे नजरेच्या दुखण्याविषयी वाटतं. पण आधीची वचनं धन साठवण्याविषयी आहेत आणि लगेच पुढचं वचन देव आणि धन या दोन धन्यांविषयी. मध्येच डोळा कुठून आला? हिब्रूत ‘चांगल्या डोळ्याचा’ म्हणजे आपल्याकडचा सढळ हाताचा माणूस. जुन्या कराराच्या, म्हणजे यहूदींच्या हिब्रू शास्त्राच्या, नीतिसूत्रे या पुस्तकात (२२:९) गरिबाला आपल्यातली भाकर देणाऱ्याला हाच शब्दप्रयोग लावला आहे. ‘वाईट डोळा’ म्हणजे हात आखडता घेणारा; तो शब्दप्रयोग जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (१५:९) सापडतो. हे कळलं की तिन्ही वचनं एका धाग्यात येतात. मत्तय २०:१५ मध्ये द्राक्षमळ्याचा धनी कुरकुरणाऱ्या मजुराला ‘मी उदार आहे म्हणून तुझा डोळा वाईट का?’ असं विचारतो, तेही याच अर्थानं.

शब्दखेळांचंही तसंच. मत्तय १:२१: त्याचं नाव येशू ठेव, कारण तो आपल्या लोकांना तारील. हिब्रूत ‘येशुआ’ आणि ‘योशिआ’ (तारील) कानाला जुळतात. ग्रीकमध्ये ‘इएसूस’ आणि ‘सोसेई’ यांचा काही संबंध लागत नाही, आणि ते ‘कारण’ अधांतरी राहतं. मत्तयानं दिलेल्या येशूच्या वंशावळीत १४-१४ पिढ्यांचे तीन गट आहेत. हिब्रूत अक्षरंच आकडे म्हणूनही वापरतात. वंशावळीतला राजा दावीद याच्या नावाची हिब्रू अक्षरं दालेत ४, वाव ६, दालेत ४, बेरीज १४. हा योगायोग नसावा, असं मला वाटतं.

इथपर्यंत आलेला माणूस उत्साहानं ‘म्हणजे मूळ हिब्रूच!’ म्हणतो, आणि चूक इथेच होते. मुंबईत कोणी ‘बारिश थी करके नहीं आया’ म्हणालं, तर ‘करके’च्या खाली आपलं ‘म्हणून’ स्पष्ट ऐकू येतं. तरी ते वाक्य कोणी मराठीत लिहून मग अनुवादलेलं नसतं. बोलणाराच दोन भाषांत जगत असतो. पहिल्या शतकातले यहूदी लेखक असेच होते. शिवाय जुन्या कराराचा ग्रीक अनुवाद, सेप्टुअजिंट, इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून तयार होत गेला होता आणि त्याच्या ग्रीकमध्ये हिब्रू वळणं ठासून भरली होती. ते ऐकत वाढलेला माणूस थेट ग्रीकमध्ये लिहितानाही ‘आणि असे झाले की’ म्हणणारच. म्हणून एखादं वाक्य हिब्रूत सहज परत नेता येतं, एवढ्यावरून मूळ पुस्तक हिब्रू ठरत नाही.

तपासायचंच तर उलट्या बाजूनंही तपासावं. मत्तय २१:१६ घ्या. मंदिरात मुलं जयघोष करतात, याजक चिडतात आणि येशू जुन्या करारातलं आठवं स्तोत्र ऐकवतो: बाळांच्या मुखातून तू स्तुती सिद्ध केलीस. हिब्रू स्तोत्रात तिथे ‘ओज’ आहे. त्याचा नेहमीचा अर्थ बळ. ‘स्तुती’ हा शब्द सेप्टुअजिंटचा. ‘बळ’ घातलं तर उत्तरातली धारच जाते. ६:१६ मध्ये ढोंगी लोक लोकांना दिसावं म्हणून तोंडं दिसेनाशी करतात. ‘अफानिझूसिन’ (दिसेनासं करतात) आणि ‘फानोसिन’ (दिसावेत) हा खेळ फक्त ग्रीकमध्ये चालतो. सगळ्यात जड पुरावा मार्कच्या ग्रीक शुभवर्तमानाचा आहे. त्याच्या ६६१ वचनांपैकी सुमारे ६०० वचनांचा मजकूर मत्तयात येतो, आणि अनेक ठिकाणी ग्रीक शब्दही तेच. दोन स्वतंत्र अनुवाद इतके जुळत नाहीत.

मग प्राचीन साक्षींचं काय? दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा ख्रिस्ती बिशप पापियस म्हणतो, मत्तयानं ‘वचनं’ हिब्रू बोलीत संकलित केली आणि प्रत्येकानं जमेल तसा अर्थ लावला. त्याचं लिखाण हरवलं. हे वाक्य आपल्याला चौथ्या शतकातल्या युसेबियसनं लिहिलेल्या ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात मिळतं. ‘वचनं’ म्हणजे पूर्ण पुस्तकच, असं नाही. ‘हिब्रू’ म्हणजे अरामीही असू शकतं: योहानाचं शुभवर्तमान (१९:१३) ‘गब्बाथा’ या जागेच्या नावाला हिब्रू म्हणतं, शब्द अरामी आहे. साक्ष फेकून देऊ नये, पण तिच्यावर अख्खं पुस्तक लादू नये.

‘मूळ हिब्रू मत्तय सापडलं’ असं कोणी सांगितलं, तर कोणती प्रत, एवढंच विचारा. बहुधा नाव निघतं शेम तोव इब्न शाप्रूट या यहूदी लेखकाचं. त्यानं १३८०च्या दशकात स्पेनमध्ये वादविवादाच्या ग्रंथात हिब्रू मत्तय दिलं आहे. अभ्यासक जॉर्ज हॉवर्ड यांनी ते १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं आणि त्यात जुना गाभा असल्याचं मांडलं. इतर अभ्यासकांना त्यात मध्ययुगीन लॅटिन परंपरेच्या खुणा दिसतात, आणि मला त्यांचं म्हणणं जास्त पटतं. पहिल्या काही शतकांतली एकही हिब्रू प्रत हाती नाही. जुन्या प्रती ग्रीकच आहेत.

आपल्याकडे यातच आणखी एक प्रश्न जोडला जातो, तो येशूचा शिष्य बर्थलमय याचा. युसेबियस सांगतो की पँटेनस हा अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक दुसऱ्या शतकाच्या अखेरीस भारतात गेला आणि बर्थलमयानं ठेवलेलं हिब्रू अक्षरांतलं मत्तय त्याला तिथे आढळलं. काही अभ्यासक हा ‘भारत’ म्हणजे कल्याणचा किनारा मानतात; काहींच्या मते त्या काळी अरबस्तानालाही ‘भारत’ म्हणत. युसेबियसनं स्वतःच हे ‘असं सांगतात’ म्हणून नोंदवलं आहे, आणि त्या पुस्तकातलं एकही वाक्य त्यानं उतरवून दिलेलं नाही.