अहवाल : 'आढळले नाही'

वडोदऱ्यातील मकरपुरा भागातील आमच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या मांसातील औषधांचे अवशेष शोधणे हे माझे रोजचे काम आहे. त्या बुधवारी एका पोल्ट्रीवाल्या काकांनी मांसाचे चार नमुने पाठवले होते आणि अर्जात केवळ 'फ्युराझोलिडोन तपासावे', म्हणजे या नावाचे जिवाणूविरोधी औषध शोधावे, असे लिहिले होते. माझ्या सहकारी मुलीने दुपारपर्यंत काम आटोपून 'आढळले नाही' असा अहवाल सहीसाठी पुढे ठेवला. तिच्या कामात कसलीही चूक नव्हती, तरी माझा पेन थांबला.

हे औषध पक्ष्याच्या शरीरात काही तासांतच मोडते, पण त्याचा एओझेड नावाचा तुकडा प्रथिनांना घट्ट चिकटून कित्येक आठवडे मांसात राहतो. तेव्हा मूळ औषध शोधणाऱ्याला ते सापडणारच नाही, आणि त्याचा खरा अहवाल वाचणाऱ्याची फसवणूक करील. मी काकांना फोन करून हे सांगितले. बरेच समजावल्यावर ते म्हणाले, "ताई, तुम्हाला योग्य वाटतं तसं करा."

संध्याकाळी आम्ही मांसाच्या लगद्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि २-नायट्रोबेंझाल्डिहाइड घातले, नळ्या फॉइलमध्ये गुंडाळल्या आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवल्या. आम्लामुळे तो तुकडा प्रथिनांपासून सुटतो. मात्र तो इतका लहान असतो की अल्डिहाइडची जोड दिल्याशिवाय रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला नीट दिसत नाही. सकाळी सामू ७ वर आणून एथिल ॲसिटेटने अर्क काढला. पहिले दोन नमुने स्वच्छ निघाले. तिसऱ्यात मात्र त्या जोडलेल्या तुकड्याची ओळख पटवणाऱ्या, २३६ वस्तुमान फुटून १३४ आणि १०४ झाल्याच्या दोन्ही खुणा, ड्युटेरियमयुक्त प्रमाणकाच्या (तुलनेसाठी घातलेल्या, जड हायड्रोजन असलेल्या त्याच पदार्थाच्या) शिखराच्या अगदी वेळेवर, पडद्यावर उभ्या राहिल्या. त्यांचे परस्पर प्रमाणही जुळले. आम्ही नव्याने नमुना घेऊन पुन्हा तपासले, तेव्हाही किलोमागे १.४ मायक्रोग्रॅमच आले. युरोपीय संघात २०२२ पासून ०.५ मायक्रोग्रॅमलाच कारवाई होते, आणि आपल्याकडे कोंबड्यांना फ्युराझोलिडोनच्या गटातील औषधे देण्यास मनाईच आहे.

दुपारी काका स्वतः आले. आकडा वाचून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एका शेडमधली पिल्लं हगवणीनं मरत होती, तेव्हा कुणीतरी दिलेली पिवळी पूड खाद्यात मिसळली होती. त्याला महिना होत आला." त्या शेडमधील पक्षी त्याच संध्याकाळी विक्रीला निघणार होते. त्यांनी माझ्या टेबलावरूनच फोन करून गाडी थांबवली.