चंद्राला ओवाळलेली भाऊबीज

माझं दुसरं लग्न ठरलं तेव्हा भेटेल तो एकच विचारायचा, “पोरगं आता कुणाचं नाव लावणार?” सणावाराचं कसं करणार, हे कुणीच विचारलं नाही. झालं असं की नावाचा प्रश्न एका दुपारी मिटला आणि सणांनी आमची चार वर्षं खाल्ली.

माझे पहिले यजमान 2017 साली अपघातात गेले. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. ह्यांची पत्नी 2018 मध्ये आजारपणात गेली, पदरात सात वर्षांची मुलगी. मी लातुरात एका पतसंस्थेत कामाला, हे आडत बाजारात दिवाणजी. फेब्रुवारी 2021 मध्ये नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, दहा माणसं, तोंडाला मास्क. मुलांची खरी नावं लिहीत नाही. घरात मुलगी चिऊ आणि मुलगा सोन्या.

नावाचं आधी सांगून टाकते. ओळखीच्या वकिलांनी समजावलं की 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानं पंधरा वर्षांच्या आतलं मूल दत्तक घेता येतं, म्हणजे सोन्याला ह्यांचं नाव देता आलं असतं. पण न दिलं तरी शाळा, दवाखाना, बँक यांत कुठं अडत नाही. अडतं ते मालमत्तेत. सावत्र मुलाला सावत्र बापाच्या इस्टेटीत आपोआप वाटा मिळत नाही, मृत्युपत्र करावं लागतं. वडिलांच्या शेतीतला त्याचा हक्क मात्र माझ्या दुसऱ्या लग्नानं जात नाही. हे ऐकून हे म्हणाले, “मग त्याच्या बापाचं नाव कशाला पुसायचं?” मृत्युपत्र केलं, विषय संपला. रेशनकार्डाला मात्र तीन हेलपाटे पडले. जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय नव्या कार्डात नाव चढत नाही, आणि तो दाखला ज्याच्याकडं मागायचा तो माणूस नेमका जेवायला गेलेला असतो.

रोजच्या घरात पहिलं भांडण येसरावरून झालं. बाहेरच्यांना सांगायचं तर येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. आमटीला लावलं की आमच्याकडं पाहुण्यांचं जेवण होतं. प्रत्येक घरचं येसर वेगळं असतं. सोन्याची आजी, म्हणजे माझ्या पहिल्या सासूबाई, निलंगा तालुक्यातल्या गावाहून डबा भरून पाठवायच्या. मी तेच लावलं. चिऊनं पहिला घास घेतला आणि ताट सरकवलं. “हे आपलं नाही.” सोन्या लगेच, “आपलंच आहे.” दोघांचं खरं होतं. आताच्या सासूबाईंना, ह्यांच्या आईला, मी आत्या म्हणते. आत्यांनी काही न बोलता दुसऱ्या दिवशी फळीवर दोन डबे ठेवले. आजही दोन आहेत. आठवडा ह्याचा, आठवडा त्याचा. पाहुणे आले की कुठलं लावायचं यावर अजून कुजबुज होते.

चिऊ मला मावशी म्हणायला लागली. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, आपल्या भाषेनं ही सोय आधीच करून ठेवलीय. आईच्या जागी आलेली, पण आई नाही. सोन्या ह्यांना आधी काका म्हणायचा. मग कधीतरी नुसतंच “ओ” झालं, ते बरेच दिवस चाललं.

आत्यांनी लग्नानंतर आठवडाभरात मला सोनं घडवून केलेली एक बारकी पुतळी दिली आणि मंगळसूत्रात ओवायला सांगितली. सवतीची पुतळी. दुसरेपणावर आलेल्या बाईनं ती घालायची, म्हणजे गेलेलीचा त्रास होत नाही, असा आमच्याकडचा समज. मला राग आला. मेलेल्या बाईची भीती मी का गळ्यात घालून फिरू? दोन दिवस ती डबीतच राहिली. चिऊनं डबी उघडून विचारलं, “हे काय आहे?” आत्या म्हणाल्या, “तुझी आई हाय.” पोरगी कितीतरी वेळ ती पुतळी चिमटीत धरून बसली. त्या रात्री मी ती ओवली. पुढं महिनाभर झोपताना तिचा हात माझ्या गळ्याशी यायचा. माझ्यासाठी यायचा नाही, हे मला कळत होतं.

मग भाद्रपद आला.

आमच्याकडं गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, धान्यानं भरलेल्या कोठ्यांवर उभ्या, पुढ्यात त्यांची पिलवंडं, म्हणजे लेकरं. पहिल्या दिवशी त्यांना घरात आणतात, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या आणि पुरणाचा नैवेद्य, तिसऱ्या दिवशी बोळवण. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढून, ताटली वाजवत आणायच्या आणि विचारायचं, महालक्ष्मी आली, कशाच्या पावलांनी आली? हे विचारायला पोरं लागतात. मी हौसेनं दोन नव्या साड्या आणल्या, हिरवी आणि जांभळी. चार वर्षांनी मला सण करायला मिळत होता. विधवा म्हणून मी मधली वर्षं स्वैपाकघराच्या दाराआड काढली होती, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

साड्या नेसवून झाल्या, मुखवटे बसवले, तोवर चिऊ बाहेरून आली. बघितलं आणि तशीच माघारी फिरली. ती गच्चीवर जाऊन बसली. पेटीत तळाशी दोन साड्या होत्या, तिच्या आईनं शेवटच्या वर्षी महालक्ष्म्यांसाठी घेतलेल्या, एकसारख्या, मोरपंखी. तिच्या जाण्यानंतर दरवर्षी आत्या त्याच नेसवायच्या. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आत्या गच्चीवर गेल्या. “कामून रडलालीस माय?” खाली मला सगळं ऐकू येत होतं. चिऊ म्हणाली, “तिची साडी पण काढली.” त्या ‘पण’मध्ये आणखी काय काय होतं, ते मी विचारत बसले नाही.

उभ्या केलेल्या महालक्ष्म्या हलवत नाहीत. म्हणून त्या वर्षी मोरपंखी साड्या दोघींच्या पायाशी घडी करून ठेवल्या. पुढच्या वर्षी मी पेटीच चिऊच्या हातात दिली. तिनं ज्येष्ठेला मोरपंखी नेसवायला लावली, कनिष्ठेला माझी हिरवी. का, ते सांगितलं नाही. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या तेव्हा म्हणाल्या, “दोघी सारख्या पाहिजेत, असं चालत नाही.” आत्या म्हणाल्या, “आमच्यात चालतंय.”

हळदीकुंकवाचं एक राहिलं. पहिल्या वर्षी गल्लीतल्या दोघीजणी आल्या नाहीत. दुसऱ्यांदा कुंकू लावलेल्या बाईकडून वाण घ्यावं का, असा घोळ असावा. मे 2022 मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो पेपर मी कापून फ्रिजवर लावला होता. त्या दोघींपैकी एक ऑगस्टमध्ये साखर मागायला आली, उभ्या उभ्या वाचून गेली. सप्टेंबरात महालक्ष्म्यांना आली. पेपरमुळे आली की साखरेमुळे, देव जाणे.

महालक्ष्म्या गेल्या की पंधरवड्यात पित्तरं. आमच्या घरात दोन. चिऊच्या आईची अविधवा नवमी. सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. मी आत्यांना नैवेद्याचं विचारत होते, तर चिऊ म्हणाली, “आईला सुशीला आवडायचा.” श्राद्धाच्या पानात मुरमुऱ्याचा सुशीला कुणी वाढत नाही. आम्ही वाढला. जेवायला आलेल्या बाईनं दोनदा मागून घेतला.

सोन्याच्या वडिलांचं पित्तर त्यांच्या गावाकडं असतं. लेकरानं तिथं असावं, ही आजोबांची इच्छा. मी त्या घरी आता कोण म्हणून जाणार? हे म्हणाले, मी नेतो. मोटारसायकलवर पुढं डबा, मागं सोन्या. काय झालं ते मला सोन्यानंच सांगितलं. हे अंगणातच उभे राहिले होते, पोराला सोडून माघारी निघायच्या बेतात. आजोबा बाहेर आले, ह्यांच्या हातावर पाणी घातलं आणि म्हणाले, “पाव्हणं, पंगत खोळंबलीय.” ज्या माणसाचं पित्तर, त्याच्याच पानाशेजारी हे जेवले. घरी आल्यावर मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणे, “कढी चांगली होती.” पुरुष माणसाकडून याहून जास्त निघत नाही.

दिवाळीचा गुंता निराळा, कारण तिथं घरंच जास्त. सोन्याचे आजी-आजोबा, चिऊचं आजोळ अहमदपूरकडं, माझं माहेर औशाला, आणि भाऊबीजेला माझी नणंद आमच्याकडं. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना हो म्हणून बसले. त्यात 2021 चं ते विचित्र साल. पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं, दिवाळीपर्यंत जवळपास निम्म्यावर आलं. शेतकरी हवालदिल, आडतीवर रोज वादावादी, हे रात्री दहाला घरी. नरकचतुर्दशीला पहाटे मी उटणं लावायला बसले, तर चिऊ आत्यांपुढं जाऊन बसली आणि सोन्यानं पाय आपटून सांगितलं की आधी त्यालाच लावायचं, तो आजीकडं पहिला असतो. तिथं तो एकटाच असतो, हे त्याला कसं सांगायचं?

भाऊबीजेला पाट मांडला, रांगोळी काढली, सोन्याला टोपी घातली. चिऊ ताट घेऊन आली. ती पाटापाशी थांबली आणि तशीच जिना चढून वर गेली. आमच्याकडं बायका आधी चंद्राला ओवाळतात आणि ज्यांना भाऊ नाही त्या चंद्रालाच भाऊ मानतात. बीजेची कोर ती, सात वाजायच्या सुमारास मावळतीला टेकते. पोरीनं तिला ओवाळलं, अक्षता टाकल्या, खाली येऊन ताट ठेवलं आणि म्हणाली, “झालं.” सोन्या पाटावर तसाच बसलेला. आठ वर्षांचं लेकरू, टोपी घालून. नणंदेनं पुढं होऊन त्याला ओवाळलं. मी आत जाऊन करंज्यांचे डबे उगाच इकडचे तिकडं केले.

रात्री आत्या माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले होते तेव्हा भूकंप झाला. त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा आणि एक लेकरू त्यात गेलं. पुढं बहिणीचं लग्न लावलं ते बायको गेलेल्या माणसाशी, त्याची दोन पोरं. “तशी किती घरं जुळली म्हणून सांगू,” आत्या म्हणाल्या. “पत्र्याच्या शेडात दिवाळी केली. ती पोरं तिला वर्षभर काहीच म्हणत नव्हती. तिनं म्हण म्हणून सांगितलं नाही.” मी विचारलं, मग पुढं काय म्हणायला लागली? आत्या हसल्या. “अजून मावशीच म्हणतेत. नातवंडं झाली तिला.”

माझ्यापुरता बदल त्या रात्रीपासून झाला. सण एकत्र झालाच पाहिजे, हा हट्ट मी सोडला. कॅलेंडरवर पेनानं लिहून टाकतो: लक्ष्मीपूजन घरी, पाडव्याला सोन्या आजोबांकडं, भाऊबीजेला दोघंही घरी, दुसऱ्या दिवशी चिऊचा मामा येऊन तिला नेणार, मी औशाला. कुणी रुसलं तर कॅलेंडर दाखवायचं. 2022 ला भाऊबीजेचा पाट मांडलाच नाही. नणंदेनं ह्यांना ओवाळलं तेवढंच. सोन्या गल्लीत फटाके उडवत होता, चिऊ गच्चीवर होती.

2023 ला मामाची गाडी एक दिवस आधीच, भाऊबीजेलाच दारात आली. चिऊची पिशवी भरलेली, मामा घाईत. ती चप्पल घालता घालता थांबली आणि ओरडली, “ए सोन्या, बस लवकर.” पाट नाही, रांगोळी नाही. तो सोफ्यावरच बसला, डोक्यावर रुमाल टाकला. तिनं भराभर ओवाळलं. सोन्यानं खिशातून पन्नासची नोट काढली. तिनं उलटसुलट करून बघितली. “इतकेच?” म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. तो दारात उभा राहून ओरडला, “पुढच्या वर्षी तेवढे पण नाही!”

येळवशीला आम्ही सगळे शेतात जातो. वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. भज्जी, आंबील, उंडे, खीर. भज्जीचं भांडं चौघांना पुरून उरेल एवढं असतं आणि तरी सोन्याला कमी पडतं. 2024 च्या डिसेंबरात दोघं दगडांना चुना लावत होते. सोन्यानं शाळेत नुकतंच महाभारत ऐकलं होतं. तो मध्येच म्हणाला, “ह्यातले नकुल-सहदेव कोणते? ते कुंतीचे नव्हते ना.”

चिऊनं दगड बघितले. सगळे बांधावरूनच उचललेले.

“शेवटचे दोन धर,” ती म्हणाली. “आणि नीट लाव, तुझ्याकडच्या भीमाला चुनाच नाही लागलेला.”

हे तिकडून आंबिलाचं मडकं घेऊन येत होते. सोन्यानं चुन्याचा हात पँटीला पुसला आणि हाक मारली, “पप्पा, बघून या, तिथं खड्डा आहे.” ते खड्डा चुकवून आले. मडकं कोपीत ठेवलं आणि मला विचारलं, “पळी आणलीस का?”

पळी घरी राहिली होती.