कालवा सोडून पाटाने

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात राहायला आलेला आणि सायकल बाळगणारा माणूस पहिल्या महिन्याभरात कनाल द्यू मिदी या जुन्या कालव्याच्या काठाने निघतोच. मीही तसाच निघालो होतो. शहरापासून जवळजवळ पन्नास किलोमीटर डांबरी आणि सपाट वाट आहे. दोन्ही काठांवर आपल्या काश्मिरी चिनाराच्या कुळातली मोठी झाडे आहेत, पण 2006 पासून एका बुरशीच्या रोगाने त्यांतली हजारो तोडावी लागली आहेत. वाट सुरेखच आहे. रविवारी मात्र तिच्यावर घंटी वाजवत, माफी मागत चालवावे लागते, आणि शांततेसाठी घराबाहेर पडलेल्या माणसाला हे फार काळ मानवत नाही. मग एका सहकाऱ्याने सांगितले, की कालवा सोड आणि कालव्याला पाणी पाजणारा पाट धर.

फ्रेंचमध्ये त्याला रिगोल म्हणतात. त्याच्याइतका नेमका मराठी शब्द मला दुसऱ्या कुठल्याच फ्रेंच शब्दाला सापडलेला नाही: तो आपला पाटच आहे. दोन-तीन मीटर रुंदीचे संथ पाणी, बाजूला पाटकऱ्याला फिरता यावे म्हणून राखलेली मातीची वाट आणि डोक्यावर झाडांची कमान, एवढाच त्याचा संसार.

मी निघालो 1 मे रोजी. महाराष्ट्र दिन म्हणून नव्हे, तर कामगार दिनाची सुट्टी म्हणून. तुलूझहून सकाळच्या प्रादेशिक गाडीत सायकल चढवली आणि कास्तेलनोदारीला उतरलो. तिथून, पाट कालव्याला मिळतो त्या नोरूझपर्यंत पश्चिमेकडे साधारण बारा किलोमीटर कालव्याचाच काठ आहे, पण इथे डांबर नाही, खडी आणि माती आहे. वाटेत भूमध्य नावाचे लॉकगेट, म्हणजे पाणी अडवून-सोडून बोटी वरखाली करणारा दरवाजा, लागते. त्यापुढे कालव्याचा सर्वांत उंच, सुमारे पाच किलोमीटरचा टप्पा सुरू होतो आणि त्याच्या पलीकडच्या टोकाच्या लॉकगेटाचे नाव आहे महासागर. या दोन दरवाजांच्या मधले पाणी एकीकडे सोडले तर भूमध्य समुद्राला मिळते आणि दुसरीकडे सोडले तर अटलांटिकला. घाटमाथ्यावर वाढलेल्या माणसाला ही कल्पना नवी नाही. फक्त इथला माथा समुद्रसपाटीपासून जेमतेम 189 मीटर उंच आहे आणि आजूबाजूला गव्हाची शेते आहेत.

कालव्याचे सगळे कोडे या 189 मीटरांत होते. दोन समुद्र जोडणारा कालवा खणायचा तर माथ्यावर बारमाही पाणी हवे, कारण लॉकगेट उघडले की ते दोन्हीकडे उतरून जाणार. पिएर-पॉल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा मक्तेदार, अभियंता नव्हे. त्याने सुचवले, की ईशान्येकडच्या मोंतान्य न्वार, म्हणजे काळ्या डोंगरातले ओढे अडवून त्यांचे पाणी नुसत्या उताराने इथवर आणावे. रेवेल गावाचे पाणी सांभाळणारा पिएर कांपमास त्याच्या मदतीला होता. 1665 मध्ये त्यांनी आधी एक चाचणीचा पाट खणून पाणी खरोखरच पोचते हे दाखवले आणि पुढच्या वर्षी राजाज्ञा निघाली. कालवा 1681 मध्ये खुला झाला. रिके त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता. नोरूझला त्याच्या वंशजांनी उभारलेला स्तंभ आहे. त्याच्याजवळ दोन मिनिटे थांबलो, पण मन पाटाकडे लागले होते.

नोरूझहून रेवेलकडे जाणारा हा मैदानी पाट, त्याच्या वरच्या टोकाच्या बंधाऱ्यापर्यंत धरला तर, 38 किलोमीटरांच्या आसपास भरतो. सरळ रेषेतले अंतर त्याहून कितीतरी कमी आहे. पण पाण्याला घाई नसते, त्याला फक्त उतार हवा असतो आणि तोही शक्य तितका कमी. म्हणून पाट प्रत्येक टेकाडाला वळसा घालतो, प्रत्येक खळग्यात आत शिरून पुन्हा बाहेर येतो आणि त्याच्याबरोबर तुम्हीही वळत राहता. मी पाण्याच्या उलट दिशेने, म्हणजे सतत चढावर चाललो होतो, तरी तासाभरात एकदाही गिअर हलका करावा लागला नाही. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मोजणीचे कौतुक पुस्तक वाचून होते त्याहून मांड्यांना अधिक पटते.

ग्रॅव्हल सायकलीचे खरे घर अशीच वाट आहे असे माझे मत झाले आहे. रस्त्याच्या शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण 40 मिलिमीटरचे, बारीक खाचांचे टायर, आत ट्यूब नाही, आणि माझ्या वजनाला पुरेल अशी पस्तीस पीएसआय हवा. यापेक्षा जास्त हवा भरली की झाडांच्या मुळांवर दात वाजतात. डोंगरी सायकल इथे अवजड वाटेल आणि बारीक टायरची टिकणार नाही. मात्र लोरागे या इथल्या भागाच्या चिकणमातीपुढे कुणाचेच चालत नाही. दोन दिवसांपूर्वीचा पाऊस वाळला असेल असा माझा अंदाज होता, पण सावलीतल्या एका खळग्यात माती टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये अशी भरली, की चाक फिरेना. काटकीने ती कोरत बसलो तेव्हा पहिल्यांदा आजूबाजूचे आवाज नीट ऐकू आले: पाण्याचा जवळजवळ नाहीच, कोकिळेचा दूरवरून, आणि वर पानांतून ओतां वाऱ्याचा. आग्नेयेकडून येणारा हा वारा माणसाला वेड लावतो असे इथले लोक म्हणतात. उघड्या रस्त्यावर त्याचा अनुभव मी घेतला आहे; पाटाच्या झाडीत तो नुसता ऐकू येतो.

दोन गोष्टी मी अनुभवाने शिकलो. पहिली, बाटली रिकामी झाली की गावची दफनभूमी शोधावी. फाटकाजवळ बहुधा नळ असतो, आणि पिण्याजोगे पाणी नसेल तर तशी पाटी दिसते. दुसरी गोष्ट त्या दिवशी शिकलो: 1 मे रोजी फ्रान्समध्ये पावाचे दुकानही उघडे असेल असे गृहीत धरू नये. रस्त्याकडेला मुले लिली ऑफ द व्हॅलीच्या पांढऱ्या फुलांचे छोटे गुच्छ विकत होती, तो इथला या दिवसाचा रिवाज आहे. खायला मात्र काही मिळाले नाही. पिशवीत दशम्या होत्या म्हणून निभावले.

रेवेलपासून सँ-फेरेओलचा तलाव तीन-चार किलोमीटरच आहे, पण हा चढ पाण्याने नव्हे, माणसांच्या रस्त्याने आखलेला आहे आणि सकाळपासून साठवलेले सगळे गिअर इथे खर्ची पडतात. वर रिकेने 1667 मध्ये बांधायला घेतलेला मातीचा आणि दगडी भिंतींचा बांध आहे, आणि त्याच्या खालच्या बागेत पंपाशिवाय, नुसत्या दाबाने उडणारे उंच कारंजे. संध्याकाळी सडकेने कास्तेलनोदारीला उतरून परतीची गाडी धरली.

वरचा, डोंगरातला पाट ऑक्टोबरमध्ये केला. तो बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून जातो. कामाझ गावापाशी पाणी सुमारे 120 मीटरच्या बोगद्यात शिरते, जो राजाचा लष्करी अभियंता वोबाँ याच्या आराखड्यानुसार 1686-87 मध्ये खोदला गेला. हंगाम शिकारीचा असल्याने भडक नारिंगी जाकीट घातले होते, आणि दोनदा कुत्र्यांचे आवाज आल्यावर उतरून मोठ्याने बोलत चाललो, तेही मराठीत, कारण घाबरल्यावर तीच येते. पाट जिथून सुरू होतो त्या अल्झो ओढ्याच्या बंधाऱ्याशी पोचलो तेव्हा ओढ्यात घोट्याएवढे पाणी होते. एक लहानशी दगडी भिंत त्यातला वाटा बाजूला वळवत होती, आणि त्या वाट्याबरोबर बीचची पिवळी पाने नोरूझच्या दिशेने निघाली होती. मी सायकल फिरवली आणि थोडा वेळ एका पानाबरोबर चालवत राहिलो. पहिल्या वळणावरच ते काठच्या मुळात अडकले.