भुशाचा हिशेब आणि जनसुनावणी: माझा अनुभव

आमच्या शहराच्या वेशीवर 18 मेगावॅटचं बायोमास वीजकेंद्र, म्हणजे धानाचा भुसा वगैरे जाळून वीज करणारं केंद्र, प्रस्तावित आहे. शहर पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, निर्णय अजून व्हायचाय. मी तिथल्याच एका राईस मिलमध्ये हिशेब बघतो. अशा प्रकल्पावर लोकांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी होते, तिथे जाऊन साध्या माणसाने नेमकं काय करायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितोय.

मुळात बायोमासचं प्रत्येक केंद्र सुनावणीपर्यंत पोचतच नाही. पर्यावरणविषयक परिणाम तपासणारी 2006 ची केंद्र सरकारची अधिसूचना आणि तिची 2009 मधली दुरुस्ती पाहिली, तर 15 मेगावॅटपर्यंतच्या बायोमास केंद्राला पर्यावरण मंजुरीतून सूट आहे, आणि त्यात 15 टक्क्यांपर्यंत कोळसा वगैरे जोडीला जाळला तरी ती सूट टिकते. म्हणजे यांनी आकडा थोडा खाली ठेवला असता तर पेपरात आम्हाला काही दिसलंही नसतं. आमचा 18 होता, म्हणून नोटीस आली. तीही निविदांच्या पानावर, बारीक अक्षरात.

नोटीस आणि सुनावणी यांच्यात निदान तीस दिवस असावे लागतात. या तीस दिवसांत पर्यावरणावरच्या परिणामांचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, नगर परिषद आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय इथे लोकांना बघायला ठेवायचा असतो. एका ठिकाणी तर टेबलामागच्या माणसाने मलाच विचारलं, "कुठला अहवाल?" दुसरीकडे मिळाला. जाडजूड इंग्रजी अहवाल आणि सोबत मराठीतला छोटा सारांश. सारांशात झाडं किती लावणार हे होतं. इंधन कुठून येणार, ते इंग्रजीच्या पोटात होतं.

तिथे माझ्या धंद्याची माहिती कामी आली. अहवालात रोज सुमारे 550 टन भुसा लागेल असं लिहिलं होतं. धान भरडलं की वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा भुसा निघतो. म्हणजे या एका केंद्रासाठी रोज पावणेतीन हजार टन धान भरडायला हवं, आणि तेही बाराही महिने. आमच्याकडे भरडाईचा जोर दिवाळीनंतर असतो. पावसाळ्यात कित्येक मिल थंडावतात आणि उघड्यावरचा भुसा भिजतो. शिवाय तो फुकट पडलेला नाही. उसना तांदूळ, म्हणजे धान आधी उकडून काढलेला तांदूळ, करणाऱ्या मिल आपल्या बॉयलरला तोच घालतात, वीटभट्ट्या नेतात. अहवालात मात्र त्याला सरसकट 'टाकाऊ' म्हटलं होतं. आमच्या शेठना त्याचा रोजचा भाव पाठ आहे!

शेठचा प्रकल्पाला पाठिंबा. भुशाला गिऱ्हाईक वाढलं तर कुणाला नको? मी त्यांना आधीच सांगितलं, "शेठजी, मी विरोध करत नाहीये, प्रश्न विचारणार आहे." ते म्हणाले, "विचार, पण मिलचं नाव घेऊ नको." घेतलं नाही.

मी मंडळाला लेखी म्हणणं दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. शिक्का-तारखेसह पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

सुनावणी एका सभागृहात होती. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, सोबत मंडळाचा प्रतिनिधी, आणि सगळ्याचं व्हिडिओ चित्रण होतं. बाहेर जेवणाची पाकिटं वाटली जात होती, ती कोणाची हे कुणी सांगेना. आत पहिला तासभर घोषणाच. पोरं म्हणत होती, रोजगार द्या. वस्तीतल्या बाया म्हणत होत्या, राख उडेल, वाळवणं कुठे घालायची? एक शेतकरी उठून तणसाबद्दल, म्हणजे धानाच्या पेंढ्याबद्दल, म्हणाला, "तणस तं आमचे ढोरंच खाऊन राह्यले, तुमाले काय देऊ?" टाळ्या त्यालाच सगळ्यांत जास्त पडल्या. मग एका पुढाऱ्याने हात वर करून मतदान घ्या म्हणून धरलं. अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं की ही सुनावणी मतदानासाठी नसते, किती लोक आले याला मंजुरीत किंमत नसते. सभागृह त्यावर चिडलं. मला ते उलट सोयीचं वाटलं. बसमधून आणलेल्या गर्दीलाही मग तेवढीच किंमत.

माझा नंबर आला तेव्हा मी तीनच गोष्टी विचारल्या. आषाढ-श्रावणात भुसा कुठून आणणार? उसना मिल आणि वीटभट्ट्यांची गरज वजा करून किती उरतो? आणि भुसा जळल्यावर त्याचा जवळपास पाचवा भाग राख होऊन उरतो, म्हणजे रोज शंभर टनांच्या वर, ती जाणार कुठे? राखेच्या वापराची केंद्र सरकारची अधिसूचना कोळसा-लिग्नाइटच्या वीजकेंद्रांसाठी आहे, मग इथे तुम्हाला बांधील कोण धरणार?

कंपनीचे सल्लागार म्हणाले, भुसा कमी पडला तर पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, आणू. पऱ्हाटी आमच्याकडे नाही, ती वर्धा-यवतमाळकडची. तिचा पसारा मोठा, वजन कमी, ट्रक भाडं खाऊन टाकतो. चंद्रपूर-वणीचा कोळसा काही तिच्याहून लांब नाही, म्हणजे शेवटी तोच जळू शकतो, हे कुणी बोललं नाही. मीच बोललो. राखेला सिमेंटवाले घेतील, एवढंच उत्तर. करार दाखवा म्हटलं, तर "प्रक्रिया चालू आहे."

खरं काम यानंतरच होतं, आणि तेव्हा निम्मं सभागृह जेवायला निघून गेलं होतं. कामकाजाचं इतिवृत्त त्याच दिवशी शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं, मग त्यावर सह्या होतात. पुढे मंजुरीसाठी प्रकल्प तपासणारी मुंबईतली तज्ज्ञ समिती हेच वाचते, आपला आवाज तिथे ऐकू जात नाही. माझं म्हणणं वाचलं गेलं ते असं: 'राखेबाबत चिंता व्यक्त केली.' मी उठून म्हटलं, "साहेब, मी चिंता नाही व्यक्त केली, प्रश्न विचारलाय. टनांचा आकडा लिहा आणि करार नसल्याचं उत्तरही लिहा." थोडी कुरकुर झाली, पण लिहिलं. इंधनाच्या मुद्द्यातही 'पावसाळ्यात' हा शब्द घालून घेतला. शेजारी बसलेल्या काकूंनी मग आपलंही वाचून घेतलं, त्यांच्या विहिरीचा मुद्दा साफ गळला होता.

सुनावणीत आलेल्या मुद्द्यांना कंपनीने अंतिम अहवालात उत्तरं द्यायची असतात. आता तो अहवाल आलाय. भुशाच्या उपलब्धतेवर नवं प्रकरण आहे, मिलची यादी आहे, राखेसाठी एका खरेदीदाराचं इरादापत्र जोडलंय. यादीत उसना मिलसुद्धा भुसा विकणाऱ्यांत धरल्या आहेत. समितीच्या बैठकीआधी ते लेखी कळवायचंय, आणि यावेळी शेठनीच शहरातल्या उसना मिलची नावं काढून दिली आहेत. भुशाचा भाव वाढला की बॉयलरसाठी त्यांच्याकडून भुसा घेणाऱ्या या उसना मिल, म्हणजे त्यांचीच गिऱ्हाइकं, तुटतात, हे त्यांच्या लक्षात आलंय.