कातळाचा ठसा अंगाच्या वजनाने

नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, हे शाळेत सगळ्यांनीच केलंय. चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ मध्ये लाकडी फळ्यांवर हेच करून त्याची चित्रं केली. पुण्यात मात्र फळ्या शोधायची गरज नाही. टेकड्यांवर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजून झालेला बेसाल्टचा कातळ उघडाच पडलाय.

कागद नको, पहिल्याच टोकदार खडीवर फाटतो. दोन मीटर मांजरपाट घ्या आणि आधी गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढा. खळीचं कापड ताठ राहतं, खळग्यांत बसत नाही. चिकटपट्टी धुळीच्या दगडावर टिकत नाही, म्हणून कडेने मुठीएवढे दगड ठेवा. रंगाला साधे वॅक्स क्रेयॉन पुरतात. वरचा कागद सोलून आडवे धरायचे. ऑइल पेस्टल नको, फासतं.

खरं काम खांद्याचं. मनगटाने घासलं तर कातळ नव्हे, नुसत्या रेघोट्या उमटतात. उकिडवे बसा, हात सरळ ठेवा आणि अंग पुढे झोकून वजन द्या. लांबच्या कोपऱ्यापासून स्वतःकडे या. गुडघा कापडावर टेकला की ते बोटभर सरकतं आणि ठसा दुहेरी येतो. हात जिथे जेमतेम पोचतो तिथे रंग फिका पडतो. तो नंतर गडद करू नये असं माझं ठाम मत: कातळासोबत तुमच्या अंगाचं मापही त्यात आलेलं असतं.

जाळीदार बेसाल्टवर वायूच्या बुडबुड्यांची भोकं पांढरी राहतात, ठसा देवीच्या व्रणांसारखा दिसतो. घट्ट, गुळगुळीत पाषाण त्यामानाने कंटाळवाणा. दगडफुलाचे चट्टे असतील तिथे घासू नका, ते इंचभर वाढायलाही वर्षं लागतात. खाणीच्या सुट्या कड्याखाली बसू नका. आणि पुण्यातलं पाताळेश्वर लेणं? संरक्षित स्मारक आहे, विषयच नाही.

हिवाळ्यात दव वाळल्यावरच कापड पसरा. ओल्यावर मेण धरत नाही. एप्रिलच्या दुपारी उलटं, तापल्या कातळावर क्रेयॉन लोण्यासारखा पसरतो आणि बारीक खळगे बुजतात. दिवाळीनंतर कुसळं कापडात घुसतात. ती उलट्या बाजूने, एकेक करून काढा. राहिलेलं कुसळ इस्त्रीखाली तपकिरी डाग पाडतं.

इस्त्री शेवटी, वर-खाली कोरे कागद ठेवून. छापील वर्तमानपत्राची शाई उतरते. इस्त्री दाबून उचला, फिरवू नका.