बॉक्स स्कोअरमध्ये आधी काय बघायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाशिकच्या थंडीत पहाटे साडेपाचला मोबाइलवर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, लावणारी मुलं आणि संध्याकाळी कोर्टाच्या कठड्यावर बसलेले पालक, दोघांचाही प्रश्न एकच असतो: बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात, एवढे रकाने, त्यात आधी बघायचं काय? उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात, कारण ते असं आहे की पॉइंट शेवटी बघा.

हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी बघायला गेलेल्या माणसाला सांगा, "अमक्याने ऐंशी काढल्या." तो लगेच विचारणार, "किती बॉलांत?" तोच माणूस बास्केटबॉलमध्ये "तीस पॉइंट" ऐकून टाळ्या वाजवतो. किती शॉट खर्चून, हे विचारत नाही.

एक ओळ नीट वाचून बघू. 22 जानेवारी 2006, लेकर्स विरुद्ध टोरोंटो रॅप्टर्स, कोबी ब्रायंट: फील्ड गोल (फ्री थ्रो सोडून सगळे शॉट) 28-46, म्हणजे मारले 46, पडले 28; थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) 7-13, फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा एक पॉइंटचा मोकळा शॉट) 18-20. नवखा माणूस 28 दुणे 56, सात त्रिक 21 आणि वर 18 अशी बेरीज करतो आणि 95 आणतो. प्रत्यक्षात पॉइंट होते 81. फील्ड गोलच्या 28 मध्ये ते 7 थ्री आधीच धरलेले असतात. म्हणून 28 ला दोनने गुणायचं, थ्रीमागे एकेक जादा पॉइंट द्यायचा आणि फ्री थ्रो मिळवायचे: 56 अधिक 7 अधिक 18. कुठल्याही ओळीची ही बेरीज जुळली नाही, तर पुढे वाचूच नका. लिहिणाऱ्याची चूक आहे.

आता खर्चाकडे. नुसती टक्केवारी 28 भागिले 46, म्हणजे 60.9. पण थ्री दीडपट मोलाचा असतो, म्हणून प्रत्येक थ्रीला अर्धा बास्केट जास्त द्यायचा: 31.5 भागिले 46, म्हणजे 68.5. हल्ली एनबीएतल्या टीमचा हा आकडा चोपन्न-पंचावन्नच्या आसपास असतो, त्यावरून ती रात्र काय होती ते कळतं. उलट टोक बघायचं तर 28 मे 2018, ह्यूस्टन रॉकेट्स, वॉरियर्सविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतली सातवी मॅच. थ्री 44 मारले, पडले 7, त्यातही सलग 27 हुकले. मॅच गेली 101-92 अशी, नऊ पॉइंटने. त्या दिवशी बाकीचे रकाने झाकून ठेवले तरी चाललं असतं.

शॉटनंतर बघायचे ते टर्नओव्हर आणि ऑफेन्सिव्ह रिबाउंड. टर्नओव्हर म्हणजे शॉट न मारताच बॉल समोरच्याच्या हातात. ऑफेन्सिव्ह रिबाउंड म्हणजे हुकलेला शॉट फुकटात परत. टीमने किती वेळा बॉल वापरला, म्हणजे किती पझेशन झाली, ते असं काढतात: एकूण शॉट, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोच्या 0.44 पट. दोन फ्री थ्रोत एक पझेशन जातं, मग निम्मे का नाही? कारण बास्केट पडल्यावर मिळालेला जादा फ्री थ्रो किंवा टेक्निकलचा (गैरवर्तनासारख्या फाउलचा) फ्री थ्रो यात वेगळं पझेशन खर्च होत नाही, त्यामुळे सरासरी निम्म्याच्या खाली येते.

समजा, आपल्याकडच्या चाळीस मिनिटांच्या मॅचमध्ये एका टीमचे 62 शॉट, 12 ऑफेन्सिव्ह रिबाउंड, 18 टर्नओव्हर, 15 फ्री थ्रो. पझेशन झाली 74.6. पॉइंट 70, म्हणजे शंभर पझेशनमागे जवळजवळ 94. आता समोरच्या टीमचीही पझेशन काढा. बॉल आलटून-पालटून मिळतो, त्यामुळे दोन्ही आकडे एक-दोनच्या फरकाने सारखे यायलाच हवेत. सात-आठचा फरक आला तर वहीत कुठेतरी टर्नओव्हर किंवा रिबाउंड सुटला आहे. या ताळ्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही.

वही म्हणतोय, कारण टेबलावरच्या अधिकृत स्कोअरशीटवर पॉइंट, फाउल आणि टाइम-आउट असतात. हुकलेला शॉट त्यात नसतो. तो लिहायला दोघं लागतात: एक बघून बोलणारा, एक लिहिणारा. एकट्याने दोन्ही करायला गेलात की मान खाली घातल्यावर नेमका स्टील होतो, म्हणजे समोरच्याकडून बॉल हिसकावला जातो. चुका ठरलेल्या आहेत. ब्लॉक झालेला शॉट मारणाऱ्याच्या नावावर हुकलेला धरायचा असतो, तो सोडून दिला जातो. शॉट मारताना फाउल झाला आणि बॉल पडला नाही, तर तो शॉट मोजायचाच नाही, तो मात्र मोजला जातो. दोनपैकी पहिला फ्री थ्रो हुकला तर रिबाउंड कुणालाच नाही, कारण बॉल जिवंतच नसतो. आणि असिस्ट, म्हणजे ज्या पासवर थेट बास्केट होतो तो पास! मुलाचा मित्र लिहायला बसला की प्रत्येक पास असिस्ट होतो. पास घेऊन खेळाडूने तीन जणांना चकवून बास्केट केला तर ती त्याची स्वतःची कमाई. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमात पासवर शॉट मारताना फाउल झाला आणि एक तरी फ्री थ्रो पडला तर असिस्ट देतात, एनबीएत देत नाहीत. तेव्हा दोन्हीकडचे असिस्ट शेजारी ठेवून तुलना करू नका.

प्लस-मायनसवर, म्हणजे खेळाडू कोर्टवर असताना टीम किती पॉइंटने पुढे किंवा मागे गेली त्या आकड्यावर, एका मॅचपुरता फारसा विश्वास ठेवू नये. चांगल्या चौघांबरोबर उभा राहिलेला पाचवाही अधिकात दिसतो. पण तपासायला तो छान: टीम बारा पॉइंटने जिंकली असेल तर सगळ्यांच्या प्लस-मायनसची बेरीज साठ, म्हणजे पाचपट, यायला हवी. मिनिटांचंही तसंच. पाच जणांची मिळून आपल्याकडे बेरीज 200, एनबीएत 240, आणि पाच मिनिटांच्या प्रत्येक जादा डावाला 25 वाढवायचे.

पॉइंट शेवटी का, याचा दाखला म्हणजे वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनची 10 फेब्रुवारी 2017 ची मेम्फिसविरुद्धची ओळ: 12 रिबाउंड, 10 असिस्ट, 10 स्टील, पॉइंट 4. दहा पॉइंट न करता ट्रिपल-डबल, म्हणजे तीन रकान्यांत दहा किंवा जास्त, एनबीएत तोवर कुणाचाच नव्हता. आणि मॅच वॉरियर्सनेच जिंकली.

पालक एकटेच आले असतील, जोडीला लिहायला कुणी नसेल, तर सगळे रकाने आखू नका. पॉइंट आणि फाउल टेबलावरून मिळतात. तुम्ही फक्त दोन्ही टीमचे टर्नओव्हर आणि ऑफेन्सिव्ह रिबाउंड, क्वार्टरप्रमाणे रेघा मारून लिहा.